शिवलेली गोणी

माझे सासरे लखीराम ऐन लढाईच्या दिवसांत गेले. साल पासष्ट, महिना भाद्रपद. ताप भरला तो उतरेचना. राळेगावच्या डॉक्टरनं सुया दिल्या, तांड्यातल्या जाणत्यांनी पाला ठेचून दिला, काही लागू पडलं नाही. तापात ते एकच विचारायचे, "पूनम आला काय?" आणि माझी सासू रुक्माबाई दर वेळी तेच सांगायची, "येऊन राह्यला. वाटेत हाय."

वाटेत कोणी नव्हतं. पूनमसिंग, म्हणजे त्यांचा एकुलता एक लेक आणि माझा नवरा, फौजेत होता. लढाई सुरू झाली तशी त्याची कार्डं बंद झाली होती. आमच्या शेताला लागून नानाजींचं शेत. ते गावात राहणारे कुणबी, चार बुकं शिकलेले, आणि आमच्या तांड्याचं सरकारदरबारचं सगळं लिहिणं-वाचणं त्यांच्या गळ्यात. त्यांनी राळेगावच्या पोस्टातून पलटणीला तार केली की बाप अत्यवस्थ आहे, लेकाला धाडा. उलट तार आली तीही त्यांनीच वाचून दाखवली. हा जवान सध्या या पलटणीत हजर नाही, ठिकाण कळवता येत नाही.

"हजर नाई म्हंजे?" सासूनं विचारलं.

नानाजींनी तार उलटी करून पाहिली. मागं कोरं होतं. "दुसरीकडं कुठी असन, रुक्माबाई," ते म्हणाले, आणि चहा न घेताच निघून गेले.

सासरे गेले. लेक जिवंत असताना चितेला अग्नी दिला तो पुतण्या शंकरसिंगनं. सासू धाय मोकलून रडली. मी तिला धरून बसले होते, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे, ते रडणं नुसतं नवऱ्यासाठी नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. तांड्यात आम्ही बंजारे आपसात आमची गोरमाटी बोलतो आणि बाहेर वऱ्हाडी. इथं सगळ्यांना कळावं म्हणून मी माझ्या माणसांना वऱ्हाडीच बोलायला लावलं आहे. सासूला हे आवडलं नसतं. तिला माझं बरंच काही आवडायचं नाही, त्यात आणखी एकाची भर.

पूनमसिंग आला तो माघात. मी खळ्यावर तूर झोडपत होते. मान वर करून पाहते तर तो समोर उभा. पावलाचा आवाज नाही, कुत्रं भुंकलं नाही. अंगात फौजेचे कपडेही नव्हते. साधा पायजमा-सदरा आणि खांद्याला पिशवी. वाळला होता. हनुवटीखाली नवा व्रण होता. मला आनंद झाला, गळ्यात पडून रडावंसं वाटलं आणि एक मुस्कटात द्यावीशीही वाटली. दोन्ही केलं नाही, कारण खळ्यावर सासू होती.

बाप गेल्याचं कार्ड त्याला लढाई संपल्यावर मिळालं होतं, आणि सुट्टी मिळाली ती आत्ता. तो आईच्या पाया पडायला वाकला. तिनं पाय मागं घेतले.

"तुहा बाप गेला तवा कुठी होता तू?"

"सांगता येत नाई, याडी." आईला आम्ही याडी म्हणतो.

"मले बी?"

"कोनालेच नाई."

सासूनं सूप उचललं आणि तूर पाखडायला लागली. त्या रात्री तिनं त्याला वाढलं, पण बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारभाऱ्याकडे गेली आणि पोटच्या लेकाविरुद्ध फिर्याद लावून आली.

आमच्या तांड्याचा नाईक देवसिंग, आणि त्याच्या हाताखाली कारभारी किसनसिंग. चोरी असो, भांडण असो, सोयरीक मोडलेली असो, हे दोघं नसाब बसवतात आणि निकाल लावतात. नसाब म्हणजे आमची पंचायत. कोर्ट आम्हाला लांब पडतं आणि आम्ही कोर्टाला. बापाच्या अग्नीला न आलेल्या लेकाला नसाबीनं कारण विचारलं, तर त्यानं ते सांगितलंच पाहिजे, आणि तेही सेवाभायाची आण घेऊन. सेवाभाया म्हणजे आमचे सेवालाल महाराज. त्यांची आण घेऊन खोटं बोललेला माणूस आमच्या तांड्यात तरी मी पाहिलेला नाही. आणि कारण सांगितलं नाही, तर तांड्याबाहेर.

तो एकटा नव्हे, त्याचं घर बाहेर. घर म्हणजे कोण? मी आणि माझी बसंती, जिचे अजून दुधाचे दातही पडले नव्हते. विहिरीवर पाणी नाही, चुलीला विस्तव नाही, पोरीला उद्या सोयरीक नाही. पूनमसिंग सुट्टी संपली की फौजेत निघून जाणार, तिथं त्याला पाणी मिळणारच होतं. तांड्यात राहायचं होतं मला. होळी तोंडावर आली होती. होळीला सगळा तांडा मिळून नाचतो, म्हणून निकाल त्याच्या आत लावायचा असं ठरलं.

त्याला ह्याची काही फिकीर दिसेना. रोज सकाळी उठायचा, तुरीचं भरलेलं पोतं पाठीवर बांधायचा आणि मागच्या टेकडीवर पळत सुटायचा. वर जायचा, उतरायचा, पुन्हा वर जायचा. पोरं मागं लागून हसायची. बाया पाण्याला जाताना थांबून बघायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"तूर वरतंच पेराची हाय काय?" मी एकदा विचारलं.

"पाय मोकळे करून राह्यलो," तो म्हणाला. घामानं सदरा अंगाला चिकटला होता आणि पोत्याच्या दोरीनं खांदे सोलवटले होते.

मी त्याला वावरात गाठलं. घरात सासूचे कान, तांड्यात सगळ्यांचेच. कपाशीची शेवटची वेचणी चालली होती. त्याला एका ओळीला लावलं आणि मी शेजारची धरली, म्हणजे पळून जायची सोय नाही.

"मले सांग. मी कोनाले सांगत नाई."

"तुले सांगलं तर उद्या तुले बी खोटं बोला लागन. कायले पडतं त्या भानगडीत?"

"मंग जेवढं सांगता येते तेवढं तरी सांग."

त्यानं पुढच्या दोन झाडांचा कापूस वेचला. त्याला शब्द मोजून वापरायची सवय आधीपासूनच होती. फौजेनं ती आणखी पक्की केली होती.

"नवी पलटण उभी होऊन राह्यली," शेवटी तो बोलला. "कोनाले जबरदस्ती नाई. ज्यानं सोताहून हात वर केला त्यालेच घेतात. पाठीवर वजन देतात अन् पळवतात. डोंगर चढवतात, झोपू देत नाई, उपाशी ठेवतात. इमानातून छत्री बांधून खाली सोडतात. जमलं नाई तर मुकाट आपल्या जुन्या पलटणीत वापस."

"अन् जमलं तर?"

"जमलं तर आखीन वजन."

मला राग होता, तरी हसू आलं. आमचे पूर्वज लमाण. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखातून फिरायचे. त्याला आम्ही लदेणी म्हणतो. शेती आली ती नंतर. "तुह्या पणज्यानं बैलाच्या पाठीवर लादलं," मी म्हटलं, "अन् सरकारनं तुह्या पाठीवर लादलं. बैलाले निदान घुंगरू तरी बांधत होते."

तोही हसला. कितीतरी महिन्यांनी मी त्याला हसताना पाहिलं. "आमाले घुंगरू चालत नाई," तो म्हणाला.

ते काय होतं हे आता कोणीही सांगेल. पेपरात छापून येतं, टीव्हीवर दाखवतात. पासष्टच्या लढाईत निरनिराळ्या पलटणींतून मनानं पुढं आलेल्या जवानांची एक लहानशी टोळी उभी केली होती. समोरासमोर उभं राहून लढणं हे त्यांचं काम नव्हतं. शत्रूच्या पाठीमागं शिरायचं, पूल उडवायचे, दारूगोळ्याचे साठे शोधायचे, खबर काढायची, आणि त्याला उमज पडायच्या आत परतायचं. मागून मदत येणार नाही, जखमी झालात तर उचलणारे तुमचेच सोबती. थोड्या जणांनी एकमेकांच्या भरवशावर राहायचं. लढाई संपल्यावर वरच्यांना पटलं, की असलं काम ऐनवेळी गोळा केलेल्या माणसांवर सोडून भागायचं नाही, त्याला कायमची पलटण हवी. म्हणून सहासष्टात छत्रीवाल्या फौजेत पहिली कमांडो पलटण उभी राहिली आणि पुढच्या वर्षी तिच्यातून दुसरी निघाली. एकीनं डोंगर पाहायचे, दुसरीनं वाळवंट.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. तेव्हा आमच्या तालुक्यात कमांडो हा शब्दच कोणी ऐकला नव्हता. आणि पासष्टला पूनमसिंग त्या टोळीत होता की नाही, असला तर कुठं गेला होता, हे त्यानं मला अजूनही सांगितलेलं नाही. मी विचारायचं सोडून दिलं आहे. पण त्या दिवशी सोडलं नव्हतं. त्या दिवशी वावरात उभी असताना मला एवढंच दिसत होतं, की नवरा सांगत नाही आणि होळी जवळ येते आहे.

मग मला उपाय सुचला. चांगला उपाय होता, आजही मला तो वाईट वाटत नाही.

"म्हन का दवाखान्यात होतो," मी म्हटलं. "गोळी लागली, शुद्ध नव्हती. हनुवटीखालचं दाखव. एवढ्या दूर कोन पाहाले जाते?"

"सेवाभायाची आन घेऊन?"

"आन घेतल्यानं जीभ जळते काय?"

त्यानं ओटीतला कापूस खाली टाकला. माझ्यावर तो कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही, पण चेहरा घट्ट झाला. "रूपी, फौजेनं म्हटलं सांगू नको. थे मी ऐकलं. सेवाभायानं म्हटलं खोटं बोलू नको. थे बी ऐकतो. दोन्ही व्हते माह्याच्यानं."

"अन् आमचं काय व्हते? माहं? बसंतीचं?"

त्यानं कापूस पुन्हा ओटीत भरला. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तसाही तो फारसा बोलत नव्हता, त्यामुळे त्याला फरक पडलेला दिसला नाही. मला मात्र फार पडला.

नवरा ऐकत नाही म्हटल्यावर मी सासूकडे वळले. फिर्याद तिची, ती मागं घेईल तर सगळंच मिटत होतं. ती ओसरीत बसून गोधडीला टाके घालत होती. मी गोड बोलून पाहिलं. नातीचं नाव काढून पाहिलं. मग माझा तोल गेला आणि मी म्हटलं, "पोटच्या लेकाले तांड्याबाहेर काढाले निघाल्या, लोक काय म्हनतीन?"

तिनं सुई थांबवली. "त्याचा बाप वाट पाहत गेला," ती म्हणाली. "अन् मी त्याले सांगत राह्यली, पूनम वाटेत हाय. मले मालूम नव्हतं तो कुठी हाय. तरी सांगत राह्यली. मरत्या मानसाले मी खोटं बोलली, रूपी. मले आता खरं पाह्यजे. बाकी लोकाईले काय म्हनाचं थे म्हनू दे."

मी उठून आले. तिचं चुकत होतं असं मला म्हणता येईना, आणि त्याचं चुकत होतं असंही म्हणता येईना. दोघंही हट्टाला पेटलेली, दोघंही खरी, आणि मधल्यामध्ये मी. सासू आणि नवरा एकाच मातीचे आहेत हे मला आधीच कळायला हवं होतं.

नसाब बसली ती सकाळी, नाइकाच्या दारातल्या लिंबाखाली. पुरुष गोल करून बसले. बाया मागं, घुंगट घेऊन. बायांनी नसाबीत बोलायचं नसतं. विधवा बाईची फिर्याद असली तरी ती कारभाऱ्याच्या तोंडून. तारेची साक्ष द्यायला नानाजींना बोलावलं होतं. ते बिचारे कडेला उकिडवे बसले आणि कोणी न विचारताच म्हणाले, "तार मी बराबर वाचली, बावा."

आण झाली. किसनसिंगनं घसा साफ केला. म्हातारा मोठा नियमाचा आणि त्याहून मोठा बोलका. "पूनमसिंग, रुक्माबाई इचारते. तुहा बाप गेला तवा तू कुठी होता?"

"सांगता येत नाई, काका. बापाची खबर मले नव्हती, थे सांगतो. कुठी होतो अन् काय करत होतो, थे नाई."

कुजबुज झाली. नाईक देवसिंग माझ्या सासऱ्याचा जुना दोस्त. त्याला हे घर मोडायचं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो पुढं वाकला आणि गोडीनं म्हणाला, "दवाखान्यात होता ना तू? हनुवटीले लागलेलं दिसते."

सगळ्या माना डोलायला तयार होत्या. नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाई," पूनमसिंग म्हणाला. "दवाखान्यात नव्हतो."

मी मागं कपाळावर हात मारून घेतला. कोपरापर्यंतचा चुडा वाजला आणि चार बायांनी वळून पाहिलं.

"पळून गेलता काय?" किसनसिंग.

"नाई."

"कोनी बाई ठेवली काय तिकडं?"

"नाई." कोणीतरी हसलं. तो हसला नाही.

मग शंकरसिंग उठला. "अग्नी मी देल्ला," तो म्हणाला. "काकाचं तोंड मी पाह्यलं अखेरचं. तुह्या जागी मी उभा होतो. मले तरी सांग." त्याचा आवाज फाटला. पूनमसिंगनं त्याच्यापुढं हात जोडले आणि मान खाली घातली. शंकरसिंग खाली बसला आणि तोंड फिरवून राहिला. ते पाहणं मला फार जड गेलं.

"झालं तर मंग," किसनसिंग म्हणाला. "नसाबीनं इचारलं, जबाब नाई. आता..."

मी उभी राहिले. उभं राहायचं असं काही ठरवलं नव्हतं. बसंतीला मांडीवरून खाली ठेवल्याचं आठवतं आणि मग माझाच आवाज ऐकू आल्याचं.

"किसनसिंग काकाले एक इचारते."

"बाईनं बोलाचं नसते, बस खाली," दोघं-तिघं ओरडले.

"फिर्यादीचं नाई बोलत. लदेणीचं इचारते."

लदेणी म्हटल्यावर किसनसिंग थांबलाच. त्याचा आजा शेवटच्या लदेणीवाल्यांपैकी. त्याच्या गोष्टी म्हाताऱ्यानं आम्हाला इतक्या वेळा ऐकवल्या होत्या, की तो झोपेत चुकला तर आम्ही सुधारून दिलं असतं.

"काका, तुमच्या आज्याजवळ सावकाराची गोनी तोंड शिवून येत होती. वाटेत कोनी इचारलं आत काय हाय, तर आजा काय करे?"

म्हाताऱ्याची छाती फुगली. "तोंड शिवलेली गोनी लमान उघडत नाई. राजानं इचारलं तरी नाई. दोन राजे लढत, दोघाईच्या छावनीत आमचं धान्य जाये. हिकडची गोष्ट तिकडं नाई, तिकडची हिकडं नाई. म्हनून तर आमाले दोघंही वाट देत!"

"मंग पूनमच्या पाठीवर सरकारनं गोनी लादली, तोंड शिवून," मी म्हटलं. "तुमी त्याले उघड म्हनता. लमानाले म्हनता!"

किसनसिंगचं तोंड उघडं राहिलं. कोणीतरी खो-खो हसलं, मग आणखी कोणी. नानाजींनी मांडीवर थाप मारली. नाईक मात्र हसला नाही. तो जमिनीकडे पाहत विचार करत होता. मग म्हणाला, "खरं हाय पोरीचं. गोनी सरकारची. तिच्यात काय हाय थे नसाब इचारत नाई."

मी जिंकले होते. सासूकडे मी असं पाहिलं, की आता बोला. खाली बसून बसंतीला पुन्हा मांडीवर घेतलं.

"पन बाप सरकारचा नव्हता," नाईक पुढं म्हणाला. "बाप ह्याचा होता. म्हनून जे गोनीत नाई, थे इचारतो. पूनमसिंग, तार तुह्या हातात पडली असती, तर तू आला असता काय?"

मला वाटलं, सुटलो. ह्यात सरकारचं काही नव्हतं, लपवायचं काही नव्हतं. कुठला लेक नाही म्हणेल? नाइकानं दारच उघडून धरलं होतं, आणि ते उघडायला मीच लावलं होतं.

लिंबावर होले घुमत होते. पूनमसिंगनं एकदा आईकडे पाहिलं.

"नाई," तो म्हणाला. "आलो नसतो."

गलका उडाला. शंकरसिंग ताडकन उठला. "अरे, हा मानूस हाय का कोन!" कोणी ओरडलं. कोणी थुंकलं. माझ्याच शहाणपणानं आमचं घर बुडवलं होतं. मी गप्प बसले असते तर हा प्रश्न आलाच नसता. आणि तरीही खरं सांगते, त्याच वेळी त्या माणसाचा मला अभिमान वाटला. साधं सोपं खोटं त्याच्या हातावर आणून ठेवलं होतं, त्यानं ते घेतलं नाही. पुढं माझ्या आणि पोरीच्या वाट्याला काय येणार हे मला दिसत होतं, आणि मी मनाशी ठरवलं, की पाणी दुरून आणीन, विस्तव गावातून मागीन, पण ह्याला सोडून जाणार नाही.

किसनसिंगनं निकालासाठी हात वर केला. नाइकानं मान खाली घातली होती.

"थांबा."

सासू उठली होती. विधवा बाई, नसाबीत, स्वतःच्या तोंडानं. तिला कोणी बस म्हणालं नाही. ती बायांमधून वाट काढत पुढं आली, पुरुषांच्या गोलात शिरली आणि लेकासमोर उभी राहिली. तिनं घुंगट मागं सारला.

"काहून नाई?" तिनं विचारलं.

"याडी..."

"गोनीतलं नको सांगू. काहून आला नसता, थे सांग."

त्यानं नजर खाली घातली. दोन्ही हात गुडघ्यांवर होते, त्यांची बोटं वळली होती. "माह्या भरवशावर संगतीचे होते," तो म्हणाला. "मी निघून आलो असतो तर थे वापस आले नसते."

"मेले असते?"

"हाव."

"किती?"

त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. तेही शिवलेलंच होतं.

"राहू दे," सासू म्हणाली. "एक असला, तरी त्याले याडी असनच."

ती किसनसिंगकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते आणि आवाज आम्हाला शेतात हाक मारताना असायचा तसाच होता.

"फिर्याद माही होती, कारभारी. मी वापस घेते. त्या दिवशी एकच याडी रडली, थे बरं झालं."